रव्यात गिरवलेला ‘घ’

माझा भाचा तिसरीत असताना ‘घर’ हा शब्द ‘धर’ असा वाचायचा, फळ्यावरचे उतरवून घेताना त्याची ओळ मध्येच सुटायची; मात्र तोच धडा वाचून दाखवला की सगळी उत्तरे तोंडी बिनचूक द्यायचा. आम्ही त्याला वर्षभर आळशी म्हणत राहिलो, याचे मला आजही फार वाईट वाटते. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन अवघड करणारी अध्ययन अक्षमता, असल्याचे निघाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. पण घरी खरा उपयोग झाला तो ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने अक्षर गिरवत त्याचा उच्चार मोठ्याने करण्याचा. आता ‘घ’ काढताना तो वरची रेघ सलग ओढतो आणि मग माझ्याकडे बघतो.