तिसऱ्या वळणापलीकडे फक्त आकाश

बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या तिसऱ्या वळणाकडे जाताना रस्ता चढत जातो आणि नेमकी ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा काचेसमोर डांबराऐवजी आकाश येते. वळणाचा आतला कोपरा दिसत नाही, बाहेर पडायची जागा दिसत नाही, तरीही निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो. गेल्या फेब्रुवारीत हौशी चालकांच्या टाइम अटॅक स्पर्धेसाठी मी ग्रेटर नोएडाच्या या सर्किटवर पहिल्यांदा गेले. त्या दोन दिवसांत जे शिकले, त्यातले बहुतेक मला या एका वळणाने शिकवले.

टाइम अटॅकमध्ये गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी ट्रॅकवर सोडतात. एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, टायर आणि ब्रेक तापवायला, एक-दोन लॅप पूर्ण वेगाने, शेवटची लॅप सगळे थंड करायला, आणि मधल्या लॅपमधली सर्वांत कमी वेळ ती तुमची. शेजारी दुसरी गाडी नसल्यामुळे चुकीचा दोष द्यायलाही कोणी नसते, आणि मला हा प्रकार त्यासाठीच आवडतो.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते. माझी गाडी साधी पोलो आहे: एक लिटरचे टर्बो इंजिन, 110 पीएस, सहा गिअर. कागदोपत्री ती स्पोर्ट्‌स कार नाही, परंतु तिच्या पुढच्या चाकांकडून जे कळते ते फार प्रामाणिकपणे कळते, आणि शिकणाऱ्याला तेवढे पुरते. यापूर्वी मी फक्त कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चालवले होते, तेही चारच वेळा. 2003 साली सुरू झालेला तो ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. मारुती 800चे इंजिन बसवलेली स्वस्त, एकासनी फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी त्यांनी तयार केली आणि श्रीमंतांपुरता असलेला हा खेळ इतरांच्या आवाक्यात आणला. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले. आज माझ्यासारखी पगारदार बाई हेल्मेट घालून रांगेत उभी राहू शकते, यात त्यांचा वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

ठाण्यात वेगाची हौस असलेली पोरे रात्री येऊरचा रस्ता धरतात, याची मला खरोखर चीड येते. तो राष्ट्रीय उद्यानातला रस्ता आहे. तिथे माणसे चालतात, जनावरे आडवी येतात, आणि चूक झाली तर बाहेर मोकळी जागा नाही. ज्याला वेग हवा आहे त्याने पैसे साठवावेत, परवाना काढावा आणि ट्रॅकवर जावे. वर्षातून दोनदाच जमते, पण तिथे प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन मार्शल उभा असतो.

कारीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा आणि जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे पुढचे वळण बहुतेक वेळा आधीच नजरेत येते. बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचे असून त्यात 16 वळणे आहेत. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या या सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्याने 2011च्या शर्यतीत नोंदवलेली 1 मिनिट 27.249 सेकंदांची लॅप मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. तिच्याशी माझी काही तुलना नव्हती. त्याच डांबरावरून माणूस किती वेगाने जाऊ शकतो, हे माहीत असावे एवढ्यासाठी लिहिली होती.

जाण्यापूर्वी महिनाभर रोज रात्री जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग जोडून सिम्युलेटरवर हे सर्किट फिरत होते. वळणांचा क्रम त्यामुळे पाठ झाला. चढ-उतार मात्र पाठ होत नाहीत, कारण पडद्यावरचा चढ पोटाला जाणवत नाही. हे मला तिथे गेल्यावर कळले.

वागळे इस्टेटमध्ये बाबांचे जुने स्नेही गॅरेज चालवतात. लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणते. निघण्याच्या आठवड्यात गाडी त्यांच्याकडे नेली. टायर पाहून झाले, पुढचे ब्रेक पॅड नवे घातले, आणि हात पुसता पुसता त्यांनी विचारले, "अगं, ब्रेक ऑइल कधी बदललंयस?"

"झालं असेल दीडेक वर्ष, काका. पण पातळी बरोबर आहे."

"पातळीचं कोण विचारतंय? दोन पावसाळे प्यायलंय ते. आजच्या दिवस गाडी ठेवून जा."

मला त्या दिवशी गाडी ठेवणे शक्य नव्हते, म्हणजे तेव्हा तसे वाटले. परत आल्यावर बदलू, असे सांगून मी निघाले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 प्रकारच्या ऑइलचा ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान 155 अंश, असे त्याचे प्रमाण आहे. हे आकडे मला तोंडपाठ होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते ऑइल कुठपर्यंत उतरले असेल, याचा विचार तेवढा मी केला नाही.

घोडबंदर रस्त्याने गायमुख, फाउंटन, तिथून महामार्ग, उदयपूरला मुक्काम आणि दुसऱ्या रात्री ग्रेटर नोएडा. धाकटा भाऊ सोबत होता. चौदाशेच्या आसपास किलोमीटर झाले. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नवख्यांना ट्रॅकवरून चालत फिरू दिले. मार्गदर्शनाला पुण्याचे एक अनुभवी चालक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत होतो. त्यांची पद्धत मला अगदी नवी होती. वळणाशी पोहोचले की ते आम्हाला ब्रेक मारायच्या जागेशी थांबू देत नसत. सरळ पुढे, वळण संपते तिथल्या बाहेरच्या कडेला नेऊन उभे करत आणि मागे वळून पाहायला लावत. "इथे गाडी कशी यायला हवी, ते आधी ठरवा. मग इथे यायला आतला कोपरा कुठे पकडायचा, आणि तो पकडायला स्टिअरिंग कधी वळवायचं, असं मागे मागे जा. ब्रेक सगळ्यात शेवटी."

तिसऱ्या वळणावर याचा अर्थ लख्ख कळला. घाटात आंधळे वळण आले तरी आपण अगदी आंधळे नसतो. डोंगराची कड, कठड्याचे पांढरे-काळे दगड, समोरच्या ट्रकचा हॉर्न, काही ना काही वळणाची कल्पना देत असते. इथे चढाच्या टोकाशी तसे काहीच नाही. सरांनी आम्हाला वर नेले, मागे पाहायला लावले, मग पुन्हा खाली ब्रेकच्या जागेशी आणून विचारले, "आता इथून काय दिसतंय, जे हलणार नाही?" मला दूरवरची मार्शलची चौकी दिसली. तिचे छप्पर आणि चढाची कड एका रेषेत आली की अजून एक श्वास थांबायचे आणि मगच स्टिअरिंग वळवायचे, असे मी वहीत लिहिले. प्रत्येक वळणासाठी अशी एक न हलणारी खूण शोधायला दोन तास लागले. सावली, उभी केलेली गाडी, झेंडा घेतलेला माणूस, यांना खूण करायचे नाही, कारण सकाळी त्या तिथे नसतात.

पहिल्या सत्रात हे सगळे लिहिलेले असूनही मी तिसऱ्या वळणाला तीनदा लवकर वळले. समोर काही दिसत नसले की हात आपोआप आत ओढतात, कारण आतली कड तेवढी ओळखीची वाटते. लवकर वळले की आतला कोपराही लवकर गाठला जातो, मग उरलेल्या वळणासाठी बाहेर जागा शिल्लक राहत नाही, गाडी कडेकडे सरकू लागते आणि ॲक्सिलरेटर उचलावा लागतो. त्यानंतर येते ती 1,060 मीटरची सरळ पट्टी. तिच्या सुरुवातीलाच पाय उचलला तर गमावलेला वेग शेवटापर्यंत मागे राहतो. रात्री हिशेब मांडला: हे अंतर सरासरी 120 किलोमीटरच्या वेगाने 31.8 सेकंदांत कापले जाते आणि 123च्या वेगाने 31 सेकंदांत. ताशी तीन किलोमीटर डोळ्यांना जाणवतही नाहीत, पण हौशी स्पर्धेत पाऊण सेकंदात तीन-चार जण बसतात.

दुसऱ्या सत्रात मुद्दाम हळू गेले. ब्रेक आधी, वेग कमी, आणि चौकीचे छप्पर रेषेत येईपर्यंत हात सरळ. थांबण्याचा तो एक श्वास फार लांब वाटतो. गाडी चढून जात असते, समोर पांढुरके आकाश असते, मन ओरडून सांगत असते की आता वळ. आणि मग चढ ओसरतो आणि आतला लाल-पांढरा कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेची रंगवलेली पट्टी, पुढच्या चाकापाशी, हवा तिथेच उगवतो. पहिल्यांदा ते जमले तेव्हा सरळ पट्टीवर पाय पूर्ण दाबलेला ठेवून मी एकटीच मोठ्याने "हां!" म्हणाले. आत जाताना हळू असूनही वेळ 2 मिनिटे 58 सेकंदांवरून 2 मिनिटे 49वर आली.

वेळ उतरली आणि मी ब्रेकवर जास्त भार टाकू लागले. सरळ पट्टीच्या शेवटी, चौथ्या वळणाआधी माझी गाडी ताशी 165 किलोमीटरच्या आसपास असे आणि तिथून ती 60पर्यंत आणायची असते. माझ्यासकट सुमारे 1,150 किलो वजन धरले तर त्या एका ब्रेकिंगमध्ये दहा लाख जूलहून थोडी अधिक ऊर्जा उष्णतेत बदलते. तीन लिटर गार पाण्याचे पातेले उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. ती चार-पाच सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये जिरवायची, आणि पुढच्या लॅपला पुन्हा तेच.

दुपारच्या सत्रातल्या तिसऱ्या लॅपला पेडल मऊ झाले. नेहमीच्या जागी पाऊल टेकले, पण पेडल कणकेच्या गोळ्यात रुतावे तसे खाली गेले. ऑइल उकळले होते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. मी पेडल दोन-तीनदा झटपट मारले, खालचा गिअर टाकला आणि वळायचा विचार सोडून गाडी सरळ जाऊ दिली. सरळ असताना टायरची सगळी पकड वेग कमी करायला मिळते. वळवले असते तर ती दोन कामांत वाटली गेली असती. वळणाबाहेर डांबराची मोकळी जागा आहे म्हणून मी आज हे लिहीत आहे. तिथे गाडी थांबली तेव्हा मार्शल पिवळा झेंडा हलवत होता आणि केबिनमध्ये जळक्या पॅडचा उग्र वास भरला होता.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यावर, येऊन हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवली आणि भावाने चाकाखाली लाकडाची पाचर सरकवली, कारण तापलेल्या ब्रेकवर दाब धरून ठेवायचा नसतो. तासाभराने सगळे निवल्यावर सीलबंद ऑइल मिळवून आम्ही ब्लीडिंगला, म्हणजे जुने ऑइल आणि बुडबुडे काढून नवे ऑइल भरायला, बसलो. मी आत, तो चाकापाशी, सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. "ताई, दाब. धर. धर हं, सोडू नकोस. आता सोड." पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचे ऑइल आले, त्यात मोहरीएवढे बुडबुडे होते. मग रंग फिका होत गेला. चारही चाके होईपर्यंत अंधार पडला. काकांना फोन करून सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढेच म्हणाले, "पेडल कडक लागतंय ना आता? सकाळी निघायच्या आधी परत एकदा बघ."

दुसऱ्या दिवशी मोजलेल्या लॅपमध्ये माझी वेळ 2 मिनिटे 41.6 सेकंद लागली. आमच्या गटात नऊ गाड्या होत्या, माझा क्रमांक पाचवा. तिसरे वळण तिन्ही लॅपना बरोबर बसले. पेडल शेवटपर्यंत कडक राहिले.

दहाव्या वळणापासून सुरू होणारा, बाहेरची बाजू उंच असलेला तो लांबलचक उजवा भाग मात्र मला अजून उलगडलेला नाही. तिथे आतला कोपरा एकदा नाही, दोनदा गाठावा लागतो, आणि दोहोंच्या मध्ये गाडीला किती बाहेर जाऊ द्यायचे हे वहीत तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिले आहे. माझा अंदाज असा की पहिला कोपरा मी फार घट्ट धरते आणि त्यामुळे पुढच्या डाव्या टायरवर गरजेपेक्षा जास्त भार येतो. तो टायर परत आल्यावर काकांनी हातावर घेऊन पाहिला, बाहेरच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. तिथले रबर खरवडल्यासारखे झाले होते. पुढच्या वेळी त्या चाकात थंड असताना दोन पौंड हवा जास्त ठेवून पाहायची, असे आमचे ठरले आहे.