मिस्टरांनीच शिकवलं ना?

आमचं मेडिकल कळव्यात, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. काउंटरमागच्या भिंतीवर दोन फ्रेम आहेत. एकीत माझं फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन, दुसरीत एका जुन्या फोटोची प्रिंट: तीन बायका, तीन देशांच्या पोशाखांत. औषधं काढेपर्यंत गिऱ्हाईक भिंतीकडे बघत उभं राहतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "वहिनी, लग्नानंतर शिकलात का? म्हणजे मिस्टरांनीच शिकवलं ना? नशीब काढलंत." मागे चार माणसं खोळंबलेली असतात. मी "हो" म्हणते आणि पॅरासिटामॉलची स्ट्रिप कापते. परवा तुम्हीही विचारलंत, आणि माझं "हो" ऐकून थांबला नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

ते "हो" खोटं नाही. मी बारावी सायन्स, एकोणिसाव्या वर्षी लग्न. 2009 साली दुकानातला फार्मासिस्ट सोडून गेला. फार्मासिस्टशिवाय मेडिकल चालवता येत नाही. (भिंतीवर भाड्याचं सर्टिफिकेट टांगून चालवणारे असतात, पण ते आमच्या ह्यांना कधी पटलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा आधीच नोंदवून ठेवते.) तेव्हा हेच म्हणाले, "तू कर डी.फार्म., बाहेर पगार द्यायला नको." सासूबाईंचा विरोध ह्यांनीच मोडला. फी ह्यांनी भरली. कॉलेज कल्याणला, मुलगी बालवाडीत. मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली करत स्लो लोकलमध्ये उभ्याने पाठांतर.

रात्री शटर खाली ओढलं की ह्यांची शिकवणी सुरू व्हायची. औषधाचं नाव विचारायचं, मी घटक सांगायचा. चुकलं की, "डोक्यात दगड भरलेत काय?" एकदा बिलबुक फेकलं ते कानाला लागलं. एकदा हातही उचलला. दुसऱ्या दिवशी फार्माकॉलॉजीची चाचणी होती आणि मला पैकीच्या पैकी मिळाले. बघा, मारलं म्हणून मिळाले, असं हे पुढे पाहुण्यांना हसत सांगायचे. मीही हसायचे.

आता त्या फोटोकडे येते. डावीकडची साडीतली आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात 1885 साली काढलेला फोटो आहे तो. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. कल्याणच्या जोशांची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची आनंदी झाली. गोपाळराव पोस्टात, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं ते दहा दिवसांत गेलं. 1883च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नव्हता. 11 मार्च 1886ला डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूकही हातात आली होती, पण येतानाच क्षयाने पोखरलेली होती. 26 फेब्रुवारी 1887ला पुण्यात गेली. बावीस पुरी व्हायला महिना उरला होता.

एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. कल्याणच्या गाडीत बसताना तिची आठवण यायची, अभिमान वाटायचा, आणि त्यातच गोपाळरावांचाही. बायकोला शिकवायचं म्हणून त्या काळात अख्ख्या समाजाशी भांडलेला माणूस. आमच्या नातेवाइकांनी तर ह्यांना "कळव्याचे गोपाळराव" असं नावच पाडलं होतं.

मग केव्हातरी तिने अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्राबद्दल वाचलं. तुमची माझ्याशी वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं अवघड आहे, ती दोन्ही होती, असं तिने लिहिलंय. हेतू पाहिला तर योग्य. पण कोवळ्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चूक. आणि मग ती सरळ यादी देते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार. बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या, पुस्तकं आणि टाकून जायची धमकी. चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा. त्या त्या वयाला आणि शरीराला हे फार जड होतं, असं ती म्हणते.

मी ते वाचलं तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. एक्सपायरीचा माल वेगळा काढायचा होता, तो तसाच राहिला.

तिला डिग्री मिळाली त्यापेक्षा मला हे पत्र मोठं वाटतं. डिग्रीचं श्रेय वाटून घेता येतं, आणि लोक घेतातच. पण हे पत्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्यात आक्रस्ताळेपणा नाही, उपकार नाकारणंही नाही. जमेच्या बाजूला जमा, खर्चाच्या बाजूला खर्च. एकातून दुसरं वजा करून शिल्लक शून्य दाखवलेली नाही. स्वतःची किंमत कळल्याशिवाय असा हिशेब लिहिता येत नाही. आणि लिहिला कोणाला, तर ज्याच्याकडे परत जायचंय त्यालाच.

मला पत्र लिहिणं जमलं नाही. पाहुणे आले होते, ह्यांनी बिलबुकाचा किस्सा काढला, आणि मी हसले नाही. म्हटलं, "लागलं होतं मला. मार्क मी पाठ केलं म्हणून मिळाले. फी तुम्ही भरलीत, तेही खरंच आहे." चहाचे कप तसेच राहिले. पाहुणे लवकर उठले. ह्यांनी दोन दिवस कामापुरतंच तोंड उघडलं. तिसऱ्या दिवशी, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" मी म्हटलं, "किस्सा सगळ्यांसमोरच होता ना." माफी वगैरे झाली नाही. किस्सा मात्र त्यानंतर बंद झाला.

फोटो मी त्याच महिन्यात लावला. ह्यांनी विचारलं, ह्या कोण. मी सांगितलं, पत्रासकट. ऐकत होते, होलसेलरचं बिल तपासत होते. पान उलटलं आणि म्हणाले, "जरा वर लाव. कफ सिरपच्या बाटल्यांमागे जातोय."