खुसरोची निस्बत आणि माझं फारसी वाचन

देवगिरीच्या रामदेवरायाबद्दल दिल्ली दरबारातला फारसी कवी अमीर खुसरो नेमकं काय लिहितो, एवढंच मला पाहायचं होतं. आमच्याकडं फारसी शिकणारे बहुतेक जण इतिहासाच्या ओढीनं येतात. फर्मानं, महजर (निवाड्याचे कागद), अखबार (दरबारी बातमीपत्रं) वाचता आले की झालं, काव्यशास्त्राच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. मीही खुसरोचा ‘खजाइन-उल-फुतूह’ हा गद्यग्रंथ हातात घेतला तो अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६ ते १३११ पर्यंतच्या हकिकतींसाठी. (सासरा आणि काका असलेल्या जलालुद्दीनचा खून तेवढा खुसरोनं सोयीस्करपणे गाळलाय. दरबारी माणूस, दुसरं काय करणार?)

पण मजकूर काही पुढं सरकेना. घटना ओळभराची आणि भोवती शब्दांचा नुसता पिसारा. शेवटी मोहम्मद हबीब यांचं १९३१ चं इंग्रजी भाषांतर शेजारी उघडून ठेवलं. त्यात परिच्छेदांवर मथळे दिसले: हा पाण्याच्या संबंधानं, तो ग्रहताऱ्यांच्या संबंधानं. हे मथळे मूळ ग्रंथातलेच. याला म्हणतात निस्बत. एक क्षेत्र ठरवायचं आणि तो अख्खा परिच्छेद त्याच क्षेत्रातल्या शब्दांवर उभा करायचा.

शिकवणाऱ्या सरांनी बुद्धिबळाचं उदाहरण दिलं. ‘रुख’ म्हणजे चेहरा, गाल. पटावरच्या एका मोहऱ्याचं नावही रुखच. ‘प्यादा’ पायदळात असतो तसा पटावरही असतो. वाक्य लढाईचंच सांगतं, पण वाचणाऱ्याच्या मनात पट मांडलेला राहतो. दोन अर्थांच्या शब्दाचा हा अलंकार, ईहाम, खुसरोच्या आधीचा आहे. बाराव्या शतकात रशीद वतवात या फारसी कवीनं त्याचं लक्षण दिलंय: शब्दाचा जवळचा अर्थ ऐकणाऱ्याला चकवतो, कवीच्या मनात असतो तो लांबचा. खुसरोच्या नावावर सांगितली जाणारी ती प्रसिद्ध ओळ घ्या, ‘जबान-ए-यार-ए-मन तुर्की, व मन तुर्की नमी-दानम’. प्रियेची जबान तुर्की, मला तुर्की येत नाही. तिची जबान माझ्या तोंडात असती तर काय बहार होती! जबान म्हणजे भाषा आणि जीभही. पुढचं सांगायला नको.

खुसरोचा दावा मात्र याच्या फार पुढचा. ‘गुर्रत-उल-कमाल’ या आपल्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, आपण ईहाम सात अर्थांपर्यंत नेला. आधी मला ही बढाईच वाटली. मग ‘बार’ हा एकच शब्द कोशात पाहिला: ओझं, फळ, खेप, दरबारातली भेट, शिवाय ‘वर्षाव करणारा’ असा प्रत्यय. बारदान, बारगीर, दरबार रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला यातलं निम्मं तर घरचंच.

खरी गंमत नुक्त्यांपाशी, म्हणजे फारसी अक्षरांवरच्या-खालच्या टिंबांपाशी आली. जुन्या हस्तलिखितांत नुक्ते कधी गळतात, कधी भलतीकडं सरकतात. नुक्ते नसले की ‘पील’ (हत्ती) आणि ‘नील’ (नाईल नदी) हुबेहूब सारखे दिसतात. नुसत्या वाक्यावरून ठरवता येत नाही. पण परिच्छेदाची निस्बत पाण्याची असेल तर तिथं नीलच, बुद्धिबळाची असेल तर पील. ज्या सजावटीला वैतागून मी पानं उलटत होते, तीच पाठ दुरुस्त करायला उपयोगी पडली. तेव्हापासून आधी निस्बत ओळखायची, त्या क्षेत्रातले शब्द समासात लिहायचे आणि मग वाक्याला हात घालायचा, असा क्रम लावून घेतला. वाचन तरीही संथच, पण अडत नाही.

रामदेव सापडला, बरं का. पण तोवर मी ‘एजाज-ए-खुसरवी’ या त्याच्या गद्यलेखनावरच्या ग्रंथात शिरले होते. गद्याच्या आधीच्या नऊ शैली मोजून खुसरो त्यात आपली वेगळी शैली मांडतो आणि एकाहून एक अचाट प्रकार रचून दाखवतो. एकात नुक्ते बदलले की फारसी ओळीची अरबी होते. या निव्वळ शब्दांच्या कोलांटउड्या म्हणून हसणारे भेटतात. मोरोपंतांचं निरोष्ठ (ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळलेलं) रामायण माहीत असलेल्यांनी तरी हसू नये. ओळ उलटी वाचली की भाषा बदलते, असा ‘कल्ब-उल-लिसानैन’ही तिथं आहे. त्यासाठी माझं अरबी फार तोकडं आहे, म्हणून सध्या अरबीचं व्याकरण घेऊन बसलेय.