काट्यावरची लेक

ऐन कापूस वेचणीत, बत्तिसाव्या आठवड्यातच माझी लेक झाली. वजन १,३८० ग्रॅम. दिग्रसकडच्या आमच्या गावातून १०२ च्या गाडीनं मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. झाल्या झाल्या तिला आत वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर ठेवलं. मी पाहिली ती दुसऱ्या दिवशी.

नाकाला ऑक्सिजन, तोंडातून पोटात नळी, पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारी लाल उजेडाची पट्टी. ती पट्टी सिस्टर काही तासांनी दुसऱ्या पायावर न्यायच्या. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, एकाच जागी ठेवली तर चट्टा पडायचा.

आत जायचं तर बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. सासूबाईंना ते काही पटेना. सिस्टर म्हणाल्या, "आजी, नात घरी आली की डझनभर भरा."

माझं काम दूध काढायचं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा चीक निघाला तो वाटीच्या बुडाला लागेल एवढाच. मला लाजच वाटली. सिस्टरनी तो सिरिंजमध्ये ओढला. "दोन मिली हाय. तिले एवढंच लागते." दट्ट्या काढून सिरिंज नळीला लावून वर धरायची आणि दूध आपोआप उतरू द्यायचं. मला घाई व्हायची. "ढकलू नको वं, उलटलं तं छातीत जाईन!"

रोज सकाळी वजन. पाचव्या दिवशी १,२७०! मी रडून घेतलं. पहिल्या दिवसांत अंगातलं पाणी उतरतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती. तेराव्या दिवशी जन्माचं वजन भरून आलं, मग रोज वीस-बावीस ग्रॅम. क्विंटलात कापूस मोजणारे आमचे हे ग्रॅमचा हिशोब ठेवू लागले.

ऑक्सिजन निघाल्यावर कांगारू सुरू झालं. टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडी लेक छातीशी उभी बांधायची. मी जेवायला गेले की हे शर्ट काढून बसायचे. सासूबाई पदराआड हसायच्या, पण तासाभरानं तळवे गरम लागले की पहिल्यांदा त्याच हात लावून बघायच्या. पुढे नळी सुटली, वाटी-चमचा आला, मग अंगावर.

चोविसाव्या दिवशी १,६२० ग्रॅमला सुट्टी मिळाली. आशाताई झोळीचा काटा घेऊन घरी आल्या, तर यांनी आधीच वही काढून ठेवलेली. चार आठवडे भरताना डोळ्यांचा पडदा तपासायला पुन्हा जायचं होतं. कापूस अजून घरातच पडून होता. हे म्हणाले, "राहू दे, सकाळची गाडी धरू."