पटवून देण्याआधीचे काम

कारखान्याच्या शेती विभागात नव्याने रुजू झालेली मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, शेतकरी तुमचं ऐकतात, आमचं का ऐकत नाहीत? बोलायचा एखादा कोर्स लावू का?" लोकांना पटवून कसे द्यायचे, हे तुम्हीही विचारलेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी शेती अधिकारी आहे. ऊस उत्पादक सभासद, तोडणी मुकादम (म्हणजे ऊसतोड टोळ्यांचे प्रमुख), वाहनमालक आणि संचालक मंडळ या सगळ्यांशी आमचा रोजचा संबंध येतो. त्यांपैकी कोणालाही आम्ही हुकूम सोडू शकत नाही, आणि तरीही गाळप हंगाम त्यांच्याच सहकार्यावर चालतो. त्यामुळे पटवून देणे हाच आमच्या नोकरीचा मोठा भाग आहे.

पाचटाचे, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणाऱ्या वाळल्या पाल्याचे, उदाहरण घ्या. एक हेक्टर उसातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते, त्यात 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो, आणि ते सरीत दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, घरचे खत मिळते, तणही दबते. हे सगळे आपल्या मुलांना पाठ आहे आणि ते गावोगावच्या बैठकांत उत्तम सांगतात. तरीही ऊस तुटला की काडी लागतेच. मग मुले परत येऊन म्हणतात, लोकांना कळत नाही.

माझा अनुभव असा की, लोकांना कळत असते. अडचण दुसरीच असते आणि ती आपण विचारलेली नसते. पाचट पेटवायला निघालेल्या एका वयस्कर सभासदाच्या बांधावर मी थांबलो होतो. कर्बाचे नाव न काढता मी एवढेच विचारले, "आबा, पाणी कसं पाजता?" त्यावर ते बराच वेळ बोलले. पाणी उपसा योजनेचे, पाळी ठरावीक तासांची, त्यात वीज रात्रीची. पाचटाने सरी तुंबली तर पाणी शेवटच्या टोकाला पोहोचायच्या आत पाळी संपते, आणि अंधारात पाचटात पाय घालायचा तर साप-जनावराची भीती. यातले एकही कारण अडाणीपणाचे नव्हते. मी त्यांना सुचवले की पाचट एक आड एक सरीत ओढावे आणि मोकळ्या सरीने पाणी पाजावे. आणि तेही सगळ्या रानात नको, विहिरीकडच्या पाच गुंठ्यांत करून बघावे. आबा म्हणाले, "पाच गुंठ्याला काय हरकत न्हाई." पटवण्यातले माझे बोलणे दोन वाक्यांचे होते, बाकीचे सगळे ऐकणे होते.

पाच गुंठ्यांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि सुरुवातीचे नांगर लवकर खपले नाहीत. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर, आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर घरोघर पोहोचला. त्या शेतकऱ्यांना हसणे मला कधीच रुचले नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका रानावर आहे, त्याने नव्या गोष्टीला आधी नकार देणे हा शहाणपणाच आहे, आणि त्याचा धोका लहान करून देणे हे सांगणाऱ्याचे काम आहे.

दुसरी गोष्ट, एकच मागणी प्रत्येकाकडे एकाच कारणाने नेऊ नये. ऊस जमिनीलगत तोडावा, हे आपण तिघांना सांगतो. शेतकऱ्याला सांगताना खोडव्याचा विषय काढावा, कारण बुडखा उंच राहिला तर वरचे डोळे फुटतात आणि फुटवा कमजोर निघतो. कारखान्याला उताऱ्याशी, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याच्याशी, मतलब, कारण बुडाच्या कांड्यांत साखर जास्त असते. मुकादमाला मात्र टनाचा हिशेब पटतो. टोळीची मजुरी वजनावर असते आणि वजन बुडाला असते. पण तेवढ्यावर थांबू नये. खाली तोडायचे म्हणजे दिवसभर अधिक वाकायचे, आणि बीडकडून आलेली ती माणसे उजाडायच्या आत कोयता हातात घेतात. त्यांच्या खोपीपर्यंत पाण्याचा टँकर पोहोचला की नाही हे ज्याने पाहिले नाही, त्याने वाकण्याविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द कसा राखायचा, हे मी मुलांना सर्वांत जास्त सांगतो. उसाला तुरे आले की प्रत्येक जण तोडीची तारीख मागतो, आणि समोरचा चिडलेला असताना "परवा टोळी येते" म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तसे म्हणू नये. लागणीची नोंदवही उघडून त्यांची तारीख कोणती, त्यांच्या पुढे गटात किती क्षेत्र शिल्लक आहे, टोळ्या किती आहेत, हे दाखवावे. उसाच्या बिलाविषयीही तसेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, एवढे सांगावे; ते कोणत्या दिवशी जमा होतील हे गट सहायकाच्या, म्हणजे गावांचा एक गट सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याच्या, हातात नाही, तेव्हा तारीख देऊ नये. लोक रागावतात, दोन शब्द बोलतात, पण पुढच्या हंगामात आपल्याकडेच विचारायला येतात.

वरिष्ठांसमोर बोलायची भीती वाटते, असेही बरेच जण विचारतात. शेती समितीपुढे जाताना एका पानाचे टिपण न्यावे : काय हवे, खर्च किती, आणि नाही केले तर नुकसान कोणाचे व किती. पाचट कुट्टी यंत्राची मागणी करायची असेल तर कोणत्या गटात पाचट जास्त जळते तो आकडा आपल्याच नोंदीतून काढावा. शिवाय बैठकीच्या आधी, ज्या संचालकांचा विरोध होईल असे वाटते त्यांना भेटून यावे. त्यांचा आक्षेप टिपणातच आला असेल तर सभेत वाद राहत नाही.

हाताखालच्या माणसांच्या बाबतीत मी एक रीत पाळतो. चिटबॉयने, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या आपल्या मुलाने, शेतकऱ्याला नियमाप्रमाणे काही सांगितले असेल आणि तो शेतकरी ओळख काढून माझ्या केबिनमध्ये आला, तर मी त्या मुलाला बोलावून घेतो आणि त्याच्याकडूनच उत्तर देववतो. तो अडखळला तर मी आकडा पुरवतो, निर्णय मात्र बदलत नाही. पुढच्या वेळी शेतकरी गट कार्यालयातच जातो.