मूटच्या पुरस्काराचा अर्ज: बेंचने अडवलं तिथून सुरुवात करा

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे लॉच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षात किमान तीन मूट, म्हणजे अभिरूप न्यायालयातले सराव-खटले, करावेच लागतात. एका मूटला 10 गुण: 5 लेखी मांडणीचे, 5 तोंडी युक्तिवादाचे. म्हणजे ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या कुठल्याही लॉ कॉलेजात मूट केलेला विद्यार्थी ही नवलाई नाही. तोंडी युक्तिवादाच्या पुरस्कारासाठी अर्ज करताना स्पर्धांची यादी अर्ध्या पानात आटपा.

खरं वजन अर्जातल्या निवेदनाला. त्यात एकच प्रश्न घ्या, पण पूर्ण उलगडा. समजा सीसीटीव्हीचं चित्रण पेन ड्राइव्हवर आहे, तुम्ही सरकार पक्षाकडून उभे आहात आणि बेंच (न्यायाधीश) विचारतं, "दोषारोपपत्रासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रच नाही, मग हा पुरावा वाचायचा कसा?" इथे 'मी आत्मविश्वासाने उत्तर दिलं' हे वाक्य फुकट जातं. पेन ड्राइव्ह ही प्रत आहे, प्रमाणपत्र लागतंच, हे आधी मान्य केलं का? मग सर्वोच्च न्यायालयाच्या अर्जुन पंडितराव खोतकर (2020) निकालावरून, खटल्याची सुनावणी संपेपर्यंत ते दाखल करून घेता येतं, हे मांडलं का? आरोपीच्या बचावाला धक्का बसतो, या पुढच्या प्रश्नावर काय सुचवलंत? कुठला मुद्दा सोडला आणि कुठला धरून ठेवला, यातूनच वकिली दिसते. मुद्दा संघातल्या रिसर्चरने शोधला असेल तर तसं स्पष्ट लिहा. पुरस्कार तो मांडण्याचा आहे.

याच विषयात एक चूक फार दिसते. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-ब जिभेवर इतकं बसलेलं असतं की अर्जातही तेच उतरतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, भाग ब तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलची डिजिटल ओळखखूण) द्यावी लागते. त्या तारखेला प्रलंबित असलेल्या खटल्यांना मात्र जुनाच कायदा. म्हणून मूट प्रॉब्लेममधली (मूटसाठी दिलेल्या काल्पनिक खटल्यातली) तारीख निवेदनात द्या, नाहीतर वाचणाऱ्या वकिलाला तुमचं बरोबर कलमही चूक वाटेल.

गुण लिहिताना किती पैकी, किती न्यायाधीश आणि कोणती बाजू, हे तिन्ही हवं. जेसप या आंतरराष्ट्रीय मूट स्पर्धेत एक न्यायाधीश 50 ते 100 च्या पट्टीवर गुण देतो. तिथले 75 म्हणजे बरोबर मधले. नुसतं '75 गुण' वाचून काहीच समजत नाही.

रेकॉर्डिंग मागितलं असेल तर ओळख करून देण्याचा भाग काढून टाका आणि प्रश्न सुरू होतो तिथून तीन मिनिटं द्या. प्रश्न ऐकू आला नाही तर उत्तराला अर्थ राहत नाही. चित्रणाला आयोजकांची परवानगी होती ना, हे आधी पाहा. मराठीत युक्तिवाद केला असेल तर लपवू नका. ठाण्याच्या न्यायालयात मराठीही चालते.

शिफारसपत्र प्राचार्यांचं घेण्याचा मोह होतो. ज्यांनी तुम्हाला उभं राहून बोलताना ऐकलं, त्यांचंच घ्या: फेरीचे न्यायाधीश किंवा सराव करून घेणारे वकील. त्यांना मेमोरियल (तुमची लेखी मांडणी), फेरीची तारीख आणि तुमचा तो एक प्रश्न पाठवा, म्हणजे पत्रात 'हुशार व कष्टाळू' याच्या पुढचं काही येईल. हातात तीन आठवडे ठेवा. अर्जाची मुदत मे-जूनमध्ये असेल तर एप्रिलमध्येच विचारा. न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागली की बरेच वकील गावाला गेलेले असतात.