कोपरा मरेल आहे

मी फैजपूरला मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम करतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात विहिरी आणि बोअर इतक्या, की मार्च ते जून सबमर्सिबल उघडणं आणि भरणं यातच दिवस जातो. त्यामुळे बहिणीचा मुलगा भुसावळहून सुट्टीला आला आणि पिशवीतून एक काळा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा आधी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब भो.

डब्यावर डाव्या हाताला लाल गोळ्याचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, आणि उजवीकडे आठ बटणं. बघितल्याबरोबर ओळखलं. आमच्या लहानपणी बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभ्या लाकडी खोक्यांवर हेच असायचं. एक रुपयाला एक डाव, आणि पाच पोरं मागे उभी. १९९३ सालचा कॅपकॉम कंपनीचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा खेळ आमच्याकडे कुणालाही त्या नावानं माहीत नव्हता, सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे. दांड्याचा तो कट-कट आवाज आजही कानात आहे. तेच यंत्र आता यूएसबीची वायर लावून कॉम्प्युटरला जोडता येतं, आणि भाच्यानं ते कुणाकडून तरी जुनं घेतलेलं होतं.

"मामा, याचा एक कोपरा मरेल आहे," तो म्हणाला. आमच्याकडे मेलेल्याला मरेल म्हणतात.

त्यानं लॅपटॉप लावून दाखवलं. कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलर तपासायची एक खिडकी असते. तिच्यात एक चौकोन आणि चौकोनात अधिकचं चिन्ह. दांडा जिकडे न्यावा तिकडे ते चिन्ह पळतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळं बरोबर. तिरपं नेलं तर तीन कोपऱ्यांत बरोबर जाऊन बसतं. उजवा-खालचा कोपरा मात्र लागत नव्हता. चिन्ह कधी नुसतं खाली, कधी नुसतं उजवीकडे, दोन्ही मिळून एकदाही नाही.

एका कोपऱ्यानं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून मारामारीच्या खेळांत आगीचा गोळा फेकायचा तर दांडा खाली, मग तिरपा, मग सरळ समोर असा पाव चक्कर फिरवून लगेच बटण मारावं लागतं. मधला तिरपा टप्पा हुकला की गोळा निघत नाही. भाच्याचं निरीक्षण पक्कं होतं. तो पडद्यावर उजव्या बाजूला उभा असला की गोळा निघे, डाव्या बाजूला असला की नाही. डावीकडून खेळताना समोर म्हणजे उजवीकडे, आणि तिथे नेमका तोच कोपरा लागतो.

रात्री साडेनऊला उकाडा जरा उतरल्यावर डबा घेतला. तळाच्या पत्र्याला सहा स्क्रू. पान उलटावं तसा पालथा घातला आणि पत्रा काढला.

आत अपेक्षेपेक्षा कमी सामान होतं. बोटाएवढं एक हिरवं कार्ड, त्यातून यूएसबीची वायर बाहेर. प्रत्येक बटणाला दोन तारा, एक सिग्नलची, एक ग्राउंडची. दांड्याच्या बुडाशी चारी बाजूंना चार मायक्रोस्विच, त्यांच्या चार दिशांच्या चार तारा आणि चौघांत फिरवलेली एक सामाईक ग्राउंड. कार्ड प्रत्येक सिग्नलचं व्होल्टेज वर ओढून धरतं. स्विच दाबला की तो सिग्नल ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकतो आणि कार्डाला कळतं. म्हणजे आतमध्ये दिशा मोजणारं काही नसतंच, चार स्विच असतात आणि तिरपं म्हणजे शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबलेले. आठ दिशा, स्विच चारच. हे समजलं की अर्धं काम झालं असं मला वाटलं.

मायक्रोस्विच आमच्या धंद्यात रोजचा. तीन पाय: कॉमन, एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (दाबल्यावर सुटणारा). आत ताणलेली पत्र्याची पट्टी असते, ती एका ठरावीक जागेला पोहोचली की एकदम उलटते. बटण हळू दाबा की जोरात, उडी तेवढ्याच वेगानं पडते, आणि तो कट आवाज त्या उडीचा. याच स्विचवर २५० व्होल्ट एसी छापलेलं असतं. इथे मात्र त्याच्यातून यूएसबीचे जेमतेम ५ व्होल्ट आणि अगदी किरकोळ करंट जातो. त्यावरून मला शंका आली. चांदीचे पॉइंट असलेला मोठ्या करंटचा स्विच चालताना बारीक ठिणगी पडते आणि पॉइंट आपोआप साफ होत राहतात. करंटच नसेल तर पॉइंट काळे पडतात आणि संपर्क कधी होतो, कधी नाही. चांदी काळी पडते हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून ठरवलं की उजवीकडचा स्विच गेलाय. डबा पालथा आहे, म्हणजे उजवी बाजू आता माझ्या डाव्या हाताला. बरोबर हिशेब केला, डावीकडचा स्विच काढला, तारेच्या टोकाची थिंबल ओढून घेतली, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणून ठेवलेल्यातला एक नवा बसवला. तपासलं. कोपरा तसाच मेलेला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. लॅपटॉप समोर ठेवला आणि पालथ्या डब्यातला एकेक स्विच बोटानं दाबत पडद्याकडे बघितलं. मी बदललेला स्विच दाबला तर चिन्ह डावीकडे गेलं! माझ्या उजव्या हाताचा दाबला तर उजवीकडे. आणि माझ्यापासून लांबचा, वरचा दाबला तर खाली.

दोन मिनिटं समजलंच नाही. मग दांडा हळूहळू हलवून त्याच्या बुडाकडे बघत बसलो. दांडा मधे एका गोल गाठीवर टेकलेला असतो आणि तिथूनच डुलतो. वरचा गोळा उजवीकडे गेला की बूड डावीकडे जातं. तराजूच्या दांडीचं एक टोक खाली आलं की दुसरं वर जातं, तसंच. म्हणजे उजवीकडचा म्हणून जो स्विच आहे तो मुळात दांड्याच्या डाव्या अंगाला बसवलेला असतो. डबा उलटल्याचा हिशेब मी धरला, दांडा उलटा चालतो हा धरला नाही. चांगला स्विच काढून नवा बसवला. तोच जुना परत लावला.

आता खऱ्या उजव्या स्विचवर मीटर लावला. दाबल्यावर एक ओहमच्याही खाली, बझर स्वच्छ, वीस वेळा दाबला तरी एकदाही चुकला नाही. खालचा स्विचही तसाच. दोघांत काहीच दोष नाही.

इथे भाच्याचं वाक्य आठवलं. तो स्विच मेलाय म्हणाला नव्हता, कोपरा मरेल आहे म्हणाला होता. वहीच्या कागदावर लिहून काढलं. सरळ उजवी लागते. उजवी-वर लागते, म्हणजे उजवा स्विच आणि तार ठीक. सरळ खाली लागतं. डावी-खाली लागतं, म्हणजे खालचा स्विच ठीक. दोघांचा ग्राउंड एकच, तोही ठीक. मग उजवी-खाली या जागेला असं काय आहे जे बाकी सात जागांना नाही? विजेचं काहीच नाही. फक्त ती जागा.

दांड्याच्या बुडाशी एक प्लास्टिकची जाड पट्टी असते, मधे चौकोनी भोक. दांडा किती लांब जावा हे ते भोक ठरवतं, गेट म्हणतात त्याला. काही दांड्यांत ते पंचेचाळीस अंश फिरवता येतं. मग कोपरे चार मुख्य दिशांना येतात आणि तिरपी चाल बंद होते, चारच दिशांच्या जुन्या खेळांसाठी ती सोय. चौकोनी भोकात कोपरा शाबूत असेल तर दांडा तिरपा जाताना उजवीकडे पूर्ण आणि खालीही पूर्ण जातो. कोपरा भरला आणि गोल झाला तर दोन्हीकडे थोडा थोडा कमी पडतो, आणि एखाद्या मिलिमीटरच्या फरकानंही स्विचची उडी राहून जाते.

पण बघितलं तर चारी कोपरे सारखेच काळे. गेटचं प्लास्टिकच काळं. विजेरी मारली तरी काही दिसेना. मग पोरीच्या दप्तरातला पांढरा खडू आणला, दांड्याच्या खालच्या कॉलरला सगळीकडून घासला आणि दांडा गेटच्या कडेकडेनं दोन चकरा फिरवला. तीन कोपऱ्यांत खडू थेट कोनात शिरला, पांढरा काटकोन उमटला. चौथ्यात, माझ्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे उजवी-खालीच्याच जागी, पांढरी रेघ कोपरा सोडून आडवी कापत गेली. भाचा शेजारी उभा होता. त्यानं माझ्या दंडाला धरलं, बोलला काहीच नाही.

गेट काढलं. नख लावलं तर कोपऱ्यात मेणासारखा कडक लगदा. कधीकाळी कुणीतरी दांडा कुरकुरतो म्हणून शिलाई मशीनचं तेल भरपूर सोडलं असणार. भाच्यानं सांगितलं, आधीच्या मालकाकडे हा डबा माळ्यावर एका कोपऱ्यावर तिरका टेकून ठेवलेला होता. तेल उतारानं त्या कोपऱ्यात जमलं, वर आपल्याकडची वैशाखातली धूळ, आणि पत्र्याखालची उष्णता. वीट भाजल्यासारखं झालं.

थिनर वापरला नाही, तो प्लास्टिक खातो. मोबाईलवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसावर घेतलं, दात कोरायच्या लाकडी काडीनं लगदा सुटा केला. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं असतं तर कोपऱ्याला कायमचा ओरखडा पडला असता. गाठ साफ करायला दांडाही काढला. बुडाशी इंग्रजी ई सारखी एक बारीक क्लिप असते, ती सोडताना वर फडकं धरलं, नाहीतर मागची स्प्रिंग तिला खोलीभर उडवते. दांड्याच्या बुडाला खाच असते, तिथे स्क्रू ड्रायव्हर अडकवून वरचा गोळा फिरवला की सुटतो. गाठीवर तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावलं, गेटला काहीच नाही.

सगळं परत बसवायला पाऊण तास लागला, त्यातला बराच वेळ स्प्रिंग दाबून क्लिप खाचेत ढकलण्यात. पत्रा लावायच्या आधी भाच्याला म्हटलं, आता फिरव. चिन्ह उजव्या-खालच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं. त्यानं दांडा सोडला, परत नेला. परत थांबलं. मग खेळ लावून डाव्या बाजूला उभा राहिला आणि एकामागून एक गोळे फेकत सुटला. बहिणीचा फोन आला तोही त्यानं उचलला नाही.

वहीच्या कागदावर पालथ्या डब्याचं चित्र काढून कोणता स्विच कोणत्या दिशेचा ते बाणांनी लिहिलं होतं. तो कागद पारदर्शक टेपनं पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि सहा स्क्रू आवळले.